माजी विद्यार्थी संघ, विद्यापीठीय
एखाद्या विद्यापीठातून वा महाविद्यालयातून शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या व्यक्तींची, त्या संस्थेशी संबंध टिकविण्यासाठी व तिच्या कार्यास साहाय्य करण्यासाठी स्थापन झालेली संघटना. स्नेहसंमेलने, शिष्यवृत्त्या, निधिसंकलन व नव्या पदवीधरांना मार्गदर्शन ही अशा संघांची सर्वपरिचित कार्ये होत. तथापि अनेक देशांत माजी विद्यार्थ्यांना याहून महत्त्वाचा अधिकार मिळालेला आहे : विद्यापीठाच्या नियामक मंडळावर वा अधिसभेवर प्रतिनिधी निवडून देण्याचा. हा अधिकार लाभला, की संघाच्या अंतर्गत कारभाराला सार्वजनिक महत्त्व येते. प्रतिनिधित्व न्याय्य आहे किंवा नाही, हे केवळ मतदानाच्या दिवशी ठरत नाही. मतदारयादीत कोणाचे नाव आहे, उमेदवार कोण ठरवितो, मते कोणत्या पद्धतीने मोजतात आणि निवडून आलेल्यांच्या जागांना मंडळात किती वजन आहे, या चार गोष्टींवर ते अवलंबून असते.

ऐतिहासिक विकास : मध्ययुगीन यूरोपीय विद्यापीठांत पदवीधर हे विद्यापीठाचेच सभासद मानले जात. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे एम्.ए. पदवीधारकांच्या सभेला दीर्घकाळ निर्णयाधिकार होता. एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेल्या वा पुनर्रचित झालेल्या विद्यापीठांत या परंपरेला कायद्याचे रूप मिळाले. १८५८ च्या सनदेने लंडन विद्यापीठात पदवीधरांची सभा अस्तित्वात आली. त्याच वर्षीच्या कायद्याने स्कॉटलंडमधील विद्यापीठांत पदवीधरांचा समावेश असलेल्या सर्वसाधारण परिषदा स्थापन झाल्या. ब्रिटनमध्ये विद्यापीठीय पदवीधरांना संसदेतही स्वतंत्र जागा होत्या. त्यामुळे पदवीधराला आपल्या रहिवासाच्या मतदारसंघाखेरीज आणखी एक मत मिळे. समान मताधिकाराच्या तत्त्वाशी विसंगत म्हणून या जागा १९४८ च्या कायद्याने रद्द ठरल्या व १९५० च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून त्या नाहीशा झाल्या.

अमेरिकेत माजी विद्यार्थी संघाची संघटित परंपरा मॅसॅचूसेट्स राज्यातील विल्यम्स महाविद्यालयापासून सुरू झाली. महाविद्यालयाचे स्थलांतर होऊन ते बंद पडेल, या भीतीतून तेथील माजी विद्यार्थ्यांनी १८२१ मध्ये आपली संघटना उभारली. पुढे नियामक मंडळांवरील प्रतिनिधित्वाचा प्रश्न आला. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या पर्यवेक्षक मंडळाची निवड पूर्वी राज्याच्या विधिमंडळाच्या हाती होती. १८६५ च्या कायद्याने ती पदवीधरांकडे आली. येल विद्यापीठाच्या नियामक मंडळातील सहा जागा १८७२ पासून माजी विद्यार्थ्यांच्या मतांनी भरल्या जाऊ लागल्या. दोन्ही ठिकाणी राज्यशासनाचे नियंत्रण सैल झाले व त्याची जागा पदवीधरांच्या विश्वासाने घ्यावी, अशी अपेक्षा त्यामागे होती.

मतदारयादी : माजी विद्यार्थ्यांचा मतदारवर्ग हा विद्यापीठाच्याच पूर्वीच्या निर्णयांतून घडतो. ज्याला प्रवेश वा पदवी नाकारली गेली, त्याला तो नकार बदलण्यासाठी मतही देता येत नाही. याचे ठळक उदाहरण केंब्रिज विद्यापीठाचे होय. तेथे स्त्रियांसाठी गर्टन (१८६९) व न्यूनम (१८७१) ही महाविद्यालये निघाली व त्यांतील विद्यार्थिनी विद्यापीठाच्या परीक्षांना बसू लागल्या. परंतु त्यांना पदवी मिळत नसे. म्हणून पदवीधरांच्या सभेत स्थानही नसे. स्त्रियांना पदवीची उपाधी द्यावी, हा प्रस्ताव १८९७ मध्ये मतदानास आला, तेव्हा विद्यापीठात न राहणारे एम्.ए. पदवीधर मोठ्या संख्येने लंडनहून आगगाडीने आले आणि प्रस्ताव सु. १,७०० विरुद्ध सु. ६६० मतांनी फेटाळला गेला. केंब्रिजमध्ये स्त्रियांना पूर्ण सभासदत्व १९४८ मध्येच लाभले. तत्पूर्वी १९२६ मध्ये दैनंदिन कारभारातील निर्णयाधिकार निवासी अध्यापक व अधिकारी यांच्या सभेकडे सोपविण्यात आला होता. अनिवासी पदवीधरांकडे कुलपतीची निवड व तत्सम मोजके अधिकार उरले. मतदान नियमानुसार झाले, तरी मतदारवर्गच अपुरा असल्यास निर्णय न्याय्य ठरत नाही, हे यावरून दिसते.

यादीत नाव असूनही मत देता न येणे, हा दुसरा अडथळा होय. हार्व्हर्डमध्ये आरंभी पदवीदानाच्या दिवशी केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथे प्रत्यक्ष हजर राहणाऱ्यांनाच मत देता येई. ऑक्सफर्डच्या कुलपतिपदाच्या निवडणुकीत २००३ पर्यंत मतदाराला ऑक्सफर्ड येथे जाऊनच मत द्यावे लागे; २०२४ मध्ये ही निवडणूक प्रथमच संगणकीय जाळ्यावरून घेण्यात आली. प्रत्यक्ष हजेरीच्या अटीमुळे जवळ राहणाऱ्यांचे, सवड असणाऱ्यांचे व प्रवासखर्च पेलणाऱ्यांचे मत आपोआप जड होते. टपाली वा संगणकीय मतदानाने हा दोष कमी होतो. मात्र त्यासाठी सदस्यांचे पत्ते अद्ययावत असणे आणि मतदाराची ओळख निर्विवाद पटणे आवश्यक असते.

तिसरा प्रश्न शुल्काचा. अनेक संघांत मताधिकार वर्गणीदार वा आजीव सदस्यांनाच असतो. संघाचा खर्च सदस्यांनी उचलावा, हे योग्यच आहे. परंतु आजीव वर्गणी मोठी असली, की मतदारवर्ग सुस्थित व वयस्क सदस्यांकडे झुकतो. नुकते पदवीधर झालेले, ग्रामीण भागात राहणारे व अल्प वेतनावर काम करणारे मागे पडतात. देणगीच्या रकमेनुसार मतांची संख्या वा पदांची वाटणी ठरविणे, हे तर प्रतिनिधित्वाच्या कल्पनेलाच बाधक होय. देणगीदाराचा सन्मान व सदस्याचे मत या दोन गोष्टी स्वतंत्र ठेवण्याची प्रथा म्हणूनच इष्ट मानली जाते.

नामनिर्देशन : बहुतेक मोठ्या संघांत उमेदवारांची यादी एक नामनिर्देशन समिती तयार करते. योग्य अनुभवाच्या व्यक्ती शोधणे, विविध विद्याशाखा, प्रदेश व वयोगट यांचा समतोल राखणे, हे तिचे काम. परंतु ही समिती विद्यमान पदाधिकाऱ्यांच्याच वर्तुळातून नेमली गेल्यास निवडणुकीस केवळ मान्यतेचे रूप येते. यावर उपाय म्हणून ठराविक संख्येच्या सदस्यांच्या स्वाक्षऱ्यांचा अर्ज देऊन समितीबाहेरील उमेदवारास उभे राहता येईल, अशी तरतूद अनेक संस्थांनी केली. या तरतुदीचा उपयोग विशिष्ट प्रश्नावर मोहीम चालविणारे गट करू लागले, तेव्हा तिच्यावर बंधने आली. हार्व्हर्डने २०२० मध्ये, पर्यवेक्षक मंडळाच्या तीस निर्वाचित सभासदांपैकी अर्जाद्वारे उभे राहून आलेले सभासद एका वेळी सहांहून अधिक असू नयेत, असा नियम केला. येलने २०२१ मध्ये अर्जाची वाटच बंद केली. मंडळाचा सभासद हा एका प्रश्नाचा प्रवक्ता नसून संपूर्ण संस्थेच्या हिताचा विश्वस्त असतो, असे या निर्णयांचे समर्थन करण्यात येते. त्यावर, प्रश्न उपस्थित करण्याची दुसरी वाट नसेल तर मतदाराच्या निवडीला अर्थ उरत नाही, असा प्रतिवाद केला जातो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. स्वाक्षऱ्यांची संख्या वाजवी ठेवणे, प्रत्येक उमेदवाराला आपले निवेदन मतदारांपर्यंत पोहोचविण्याची समान संधी देणे आणि नामनिर्देशन समितीचे काही सभासद थेट सदस्यांतून निवडणे, हा मध्यम मार्ग होय.

मतमोजणी : एकच पद असताना व उमेदवार दोहोंहून अधिक असताना सर्वाधिक मते मिळविणारा विजयी ठरविला, तर बहुसंख्यांच्या पसंतीविरुद्ध निकाल लागू शकतो. ऑक्सफर्डच्या कुलपतिपदासाठी १९८७ मध्ये झालेल्या निवडणुकीत रॉय जेंकिन्झ यांना ३,२४९, रॉबर्ट ब्लेक यांना २,६७४ व एडवर्ड हीथ यांना २,३४८ मते मिळाली. शेवटचे दोघेही हुजूर पक्षाचे होते व त्यांच्या मतांची बेरीज ५,०२२ होते. परंतु मते विभागल्यामुळे जेंकिन्झ निवडून आले. २०२४ च्या निवडणुकीत मतदारांनी उमेदवारांना पसंतिक्रम दिले व सर्वांत मागे राहिलेल्या उमेदवारांची मते पुढील पसंतीनुसार वर्ग करण्यात आली.

कार्यकारिणीसारख्या अनेक जागांच्या मंडळासाठी प्रश्न वेगळा असतो. प्रत्येक मतदाराला जितक्या जागा तितकी मते देण्याची पद्धत भारतातील संघांत रूढ आहे. समजा, संघाचे ६०० मतदार असून पाच जागा भरावयाच्या आहेत. ३२० मतदार पहिल्या गटाचे, १७० दुसऱ्याचे व ११० तिसऱ्याचे आहेत. प्रत्येकाने आपल्या गटाच्या पाचही उमेदवारांना मते दिल्यास पहिला गट पाचही जागा जिंकतो आणि उरलेल्या २८० मतदारांना एकही प्रतिनिधी मिळत नाही. एकल संक्रमणीय मतपद्धतीत मात्र प्रत्येक मतदार पसंतिक्रम देतो व त्याचे मत एकच राहते. एकूण मतांना जागांहून एकाने अधिक असलेल्या संख्येने, म्हणजे सहाने, भागून त्यात एक मिळविला, की विजयासाठी आवश्यक अंश १०१ येतो. पहिल्या गटाला तीन, दुसऱ्याला एक व तिसऱ्याला एक अशा जागा मिळतात. ही मोजणी काहीशी किचकट असली, तरी मतदारसंख्येच्या प्रमाणाशी निकाल जवळचा राहतो.

जागांचे वजन : डार्टमथ प्रकरण : मंडळातील निर्वाचित जागांचे प्रमाण बदलता येत असेल, तर मतदान निर्दोष असूनही त्याचा परिणाम क्षीण होतो. अमेरिकेतील न्यू हँपशर राज्यातील डार्टमथ महाविद्यालयाचा वाद या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १७६९ च्या राजसनदेने स्थापन झालेल्या या संस्थेत विश्वस्त स्वतःच आपले उत्तराधिकारी निवडत. माजी विद्यार्थी संघ १८५४ मध्ये निघाला. १८९१ मध्ये संस्था आर्थिक अडचणीत असताना विश्वस्त मंडळाने पाच जागा माजी विद्यार्थ्यांच्या मतांनी भरण्याचे मान्य केले. त्यामुळे अध्यक्ष व राज्यपाल हे पदसिद्ध सभासद वगळता निम्मे विश्वस्त निर्वाचित झाले. मंडळाचा विस्तार होत गेला, तरी ही समानता पुढे टिकली. २००४ ते २००७ या काळात स्वाक्षरी-अर्जाद्वारे उभे राहिलेले चार उमेदवार लागोपाठ निवडून आले. दरम्यान २००६ मध्ये संघाची नवी घटना सदस्यांपुढे ठेवण्यात आली. तिला आवश्यक दोन-तृतीयांश मते तर नाहीच, पण साधे बहुमतही मिळाले नाही. सप्टेंबर २००७ मध्ये विश्वस्त मंडळाने आपली सभासदसंख्या १८ वरून २६ पर्यंत वाढविण्याचे ठरविले; वाढीव आठही जागा मंडळानेच भरावयाच्या होत्या. निर्वाचित जागांची संख्या घटली नाही, परंतु समानता संपली.

१८९१ चा ठराव हा दोन्ही पक्षांना बंधनकारक करार होता, असा दावा संघाच्या कार्यकारिणीने न्यायालयात दाखल केला. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायालयाने तो प्रथमदर्शनी फेटाळण्यास नकार दिला. त्याच वर्षी संघाची निवडणूक होऊन दाव्याला विरोध असणारा गट बहुमताने निवडून आला आणि दावा मागे घेण्यात आला. विश्वस्तपदासाठी डार्टमथमध्ये मतदाराला पसंत असलेल्या कितीही उमेदवारांना मत देता येत असे. ही पद्धत २००९ मध्ये सदस्यांनी ८२ विरुद्ध १८ टक्के मतांनी बदलली. या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. प्रतिनिधित्वाची हमी ठरावात वा प्रथेत असून भागत नाही. ती संस्थेच्या घटनेत, दुसऱ्या पक्षाच्या संमतीविना बदलता न येणाऱ्या स्वरूपात, नमूद असावी लागते. तसेच संघाच्या नावाने चालणारा लढा सदस्यांना मान्य आहे काय, याचा निर्णय अखेर सदस्यांच्याच मतांनी होतो.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती : कलकत्ता, मुंबई व मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली, तेव्हा त्यांच्या अधिसभा मुख्यतः शासननियुक्त होत्या. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने या तीन विद्यापीठांत अधिसभेची कमाल संख्या १०० ठरली. त्यांपैकी दहा सभासद शुल्क भरून नोंदणी केलेल्या पदवीधरांनी व दहा विद्याशाखांनी निवडावयाचे होते. उरलेले नियुक्त असत. म्हणजे पदवीधरांच्या प्रतिनिधित्वाला कायदेशीर मान्यता मिळाली; परंतु शासनाची पकडही दृढ झाली. गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी केंद्रीय विधिमंडळात या विधेयकाला विरोध केला तो याच कारणाने. स्वातंत्र्योत्तर काळात संविधानाच्या अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेच्या सु. एक-द्वादशांश जागा पदवीधरांसाठी राखण्यात आल्या. महाराष्ट्र विधान परिषदेत अशा सात जागा आहेत. हा मतदारसंघ कोणत्याही एका विद्यापीठाचा नसतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

विद्यापीठांतर्गत प्रतिनिधित्वाची तरतूद महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यात आहे. त्यानुसार अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी असतात. त्यांपैकी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांसाठी प्रत्येकी एक जागा राखीव आहे. पदवी मिळाल्याने मताधिकार आपोआप लाभत नाही. त्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते. त्यामुळे नोंदणीची मोहीम राबवू शकणाऱ्या संघटनांना मोठा लाभ होतो. मुंबई विद्यापीठात २०२३ मध्ये जाहीर झालेली पदवीधर गटाची निवडणूक मतदारयादीविषयीच्या तक्रारींनंतर स्थगित झाली. ती सप्टेंबर २०२४ मध्ये पार पडली, तेव्हा लक्षावधी पदवीधरांच्या या विद्यापीठात यादीतील मतदार सु. १३,००० होते. २०१८ व २०२४ या दोन्ही निवडणुकांत दहाही जागा एकाच राजकीय पक्षाच्या युवक संघटनेने जिंकल्या. पसंतिक्रमाच्या पद्धतीने निकाल प्रमाणशीर राहण्याची शक्यता वाढते, हमी मिळत नाही. यादीच एकसुरी झाली, तर कोणतीही मतमोजणी तिला बहुरंगी करू शकत नाही.

महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी संघ हे अधिसभेपासून वेगळे व स्वेच्छेने स्थापन झालेले असतात. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने २०१७ च्या आपल्या चौकटीत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा स्वतंत्र प्रमुख निर्देशक ठेवला. तेव्हापासून नोंदणीकृत संघ स्थापण्याकडे महाविद्यालयांचा कल वाढला. असे संघ सामान्यतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० या दोहोंखाली नोंदले जातात. पहिल्या कायद्यानुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, अशा सदस्याला मत देता येत नाही वा सदस्य म्हणून त्याची गणना होत नाही. संस्थेचे उद्देश बदलण्यासाठी किमान एक महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दोन सभांत तीन-पंचमांश मते लागतात. दुसऱ्या कायद्यानुसार पदाधिकारी बदलल्यास त्याचा बदल-अहवाल नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावा लागतो. निवडणूक वादग्रस्त झाली, की दोन प्रतिस्पर्धी कार्यकारिणी असे अहवाल सादर करतात व निर्णय लागेपर्यंत संघाचे बँकखाते, शिष्यवृत्त्या व प्रकल्प अडून राहतात. अशा विलंबाची झळ पदाधिकाऱ्यांपेक्षा शिष्यवृत्तीवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्यांना अधिक लागते. परदेशी स्थायिक झालेल्या सदस्यांबाबत आणखी एक मुद्दा उद्‌भवतो : परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माजी विद्यार्थ्याची देणगी स्वीकारण्यास विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो; भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी सदस्याच्या वैयक्तिक देणगीला तो लागू होत नाही.

न्याय्य प्रतिनिधित्वाची तत्त्वे : वरील अनुभवांवरून काही तत्त्वे संभवतात. मतदारयादी निवडणुकीपूर्वी पुरेसा काळ प्रसिद्ध करून हरकती मागविल्या जाव्यात. यादी तयार करणारे व उमेदवार यांत एकच व्यक्ती नसावी. निर्वाचन अधिकारी संघाच्या कार्यकारिणीबाहेरील असावा. पदाचा कालावधी व त्याच पदावर पुन्हा निवडून येण्याची मर्यादा घटनेत ठरलेली असावी. विद्याशाखा, पदवीवर्षांचे गट व बाहेरगावच्या शाखा यांना जागा देताना लहान घटकाला स्थान व मोठ्या घटकाला प्रमाण, या दोहोंचा मेळ घालावा. लेखापरीक्षित हिशेब वार्षिक सभेपूर्वी सर्व सदस्यांना मिळावेत. तक्रारीची सुनावणी करणारी समिती पदाधिकाऱ्यांपासून स्वतंत्र असावी.

मर्यादा : माजी विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधित्वावर मूलभूत आक्षेपही घेतले जातात. विद्यापीठाच्या निर्णयांचा परिणाम आज शिकणाऱ्यांवर व शिकविणाऱ्यांवर होतो, बाहेर पडलेल्यांवर नाही. आपल्या काळातील विद्यापीठ जसेच्या तसे राहावे, अशी माजी विद्यार्थ्यांची प्रवृत्ती असते. मतदानात भाग घेणारे अल्पसंख्य असतात. १८९७ मधील केंब्रिजचे मतदान या आक्षेपांना बळ देते. दुसऱ्या बाजूस, शासन, देणगीदार व प्रशासन यांपैकी कोणावरही उपजीविकेसाठी अवलंबून नसलेला, तरीही संस्थेची आतून माहिती असलेला हा एकमेव वर्ग होय. पदवीचे मूल्य घसरल्यास त्याची हानी त्यालाही सोसावी लागते. म्हणून निर्णायक सत्तेपेक्षा देखरेखीचा, प्रश्न विचारण्याचा व हिशेब मागण्याचा अधिकार माजी विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींना शोभणारा मानला जातो. तो बजावण्यासाठी मात्र त्यांची निवड ज्यांच्या नावाने झाली, त्या सर्वांना यादीत स्थान मिळालेले असावे लागते.